सिलिंडरातले गोडे पाणी

१७ जून १९६२, रविवार. अमरावती

आजची राजापेठेतली सभा मी जिंकली. वर्षभर लोकांना सांगत होतो की पूर्णेला पूर आला की सावळीघाट आणि पलीकडची खेडी जगापासून तुटतात. नुसत्या वल्ह्यांच्या नावेने हा प्रश्न सुटणार नाही, यंत्राची नाव हवी. माना डोलावणारे पुष्कळ भेटले, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाला पटत नव्हते. आज ते दाखवले. कामठीच्या लष्करी लिलावात आमच्या नौका मंडळीने घेतलेली मोटर, नावेच्या पाठीला अडकवायची ती, लाकडी घोडीवर बसवून सरळ व्यासपीठावर ठेवली. भाषण रंगात आल्यावर खुशालरावाला खूण केली. त्याने दोरी ओढली आणि असा गडगडाट झाला की पुढच्या रांगेतली मुले आयांच्या मागे दडली.

मी थांबलो नाही. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोललो. खुशालराव दोनदा कानाशी येऊन "साहेब, बंद करू का?" म्हणाला. मी हात झटकला. परका वाटतो म्हणून लोक यंत्राच्या आवाजाला भितात, तो कानात मुरला पाहिजे. रंग करपल्याचा वास सुटला तेव्हा एका गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. मी म्हणालो, "घाबरू नका, हा नव्या युगाचा वास आहे!" टाळ्या थांबेनात. शेवटी खुशालरावाने मला न विचारता मोटर बंद केली. त्याबद्दल त्याला नंतर सुनावले. मंडळीचा चिटणीस असला तरी वक्त्याची लय तोडायचा त्याला अधिकार नाही.

घरी आल्यावर बायकोला, अनसूयेला विचारले, भाषण कसे झाले? म्हणाली, "मोटर छान बोलली. तुमचं काही ऐकू आलं नाही."

५ जुलै, गुरुवार. सावळीघाट

मोटर पाण्यात उतरली! नदी दोन्ही थड्या भरून वाहत असताना नाव पलीकडे गेली आणि परत आली. घाटावर जत्रा होती. खुशालराव शेतकऱ्याचा पोर, पण कामठीला चार दिवस राहून सगळे शिकून आला आहे. मोटरीच्या मागून पाण्याची बारीक धार उडत होती, ती त्याने दाखवली.

"हे धार सुटली म्हंजे समजाचं, बरोबर चालून राह्यली. खालून नदीचं पानी पेते, अंग गार करते, न् मांगून सोडून देते."

केवढी सुंदर कल्पना! ज्या नदीशी झुंजायचे तिचेच पाणी पिऊन यंत्र आपला ताप शमवते. हे वाक्य पुढच्या भाषणात घालायचे.

एकच गालबोट. पेट्रोल धामणखेडच्या शेषरावाकडून घ्यावे लागते, या टापूत दुसरा पंप नाही. पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही त्याच्या हातात. मोटरनावेच्या ठरावाला बैठकीत हाच माणूस हसला होता. "नाव चालंन, पन नेत्याइच्या भाषणावर चालत नाई, पेट्रोलवर चालते," असे म्हणाला. मी विसरलेलो नाही.

१९ जुलै, गुरुवार. सावळीघाट

भर प्रवाहात मोटर खोकू लागली, मग थांबली. नावेत बायाबापड्या होत्या. खुशालरावाने वल्ही मारून कशीबशी नाव काठाला लावली. दोन सिलिंडरांपैकी खालच्याचा प्लग काढला तर त्यावर पाण्याचे थेंब. मोटर आडवी केली तेव्हा त्या भोकातून आणखी पाणी ओघळले.

सिलिंडरात पाणी! तेलात पाणी नाही, बाहेर पाणी नाही, नेमके जिथे ठिणगी पडून पेट्रोल पेटायचे तिथे पाणी. ते आले कुठून? मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. सिलिंडरात बाहेरून जाते ते पेट्रोल. पेट्रोल देतो शेषराव.

ते पाणी मी एका बाटलीत भरून घेतले, बूच लावले आणि लाखेने मोहोर केली. खटल्याला उभे राहायचे तर मुद्देमाल हवा. इतकी वर्षे वकिली केली ती काय उगाच?

२६ जुलै, गुरुवार. धामणखेड

आज बाजाराचा दिवस साधला. बैलगाडीवर उभा राहिलो, हातात बाटली धरली. भेसळ हा खून आहे, रक्त न सांडता केलेला, इथून सुरुवात केली. व्यापारी वर्गाच्या इतिहासावर आलो. मग बोट पंपाकडे केले. "ह्या माणसाच्या टाकीत मासे सोडले तर जगतील!"

असा हशा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. रॉकेलच्या रांगेतल्या बाया बाटल्या रिकाम्याच घेऊन घरी गेल्या. शेषराव दुकानाच्या फळीवर उभा होता, एक शब्द बोलला नाही. अपराधी माणसाचे मौन मी कोर्टात पुष्कळ पाहिले आहे.

संध्याकाळी पुरवठा खात्याकडे लेखी तक्रार दिली.

३० जुलै, सोमवार. अमरावती

खुशालराव आला होता. अकोल्याहून वेगळे पेट्रोल आणून भरले, तरी मोटर घाटापासून थोडी पुढे जाऊन बंद पडली. खालच्याच सिलिंडरात पुन्हा पाणी. तो म्हणाला, "साहेब, शेषरावजीचं पेट्रोल नसंन बी खराब."

मी त्याला समजावले की टाकीच्या कोपऱ्यात, नळीच्या वळणात जुने पाणी राहिलेच असणार. पाप असे एका धुण्यात जात नाही. तो "हव जी" म्हणाला. त्या "हव जी" मध्ये जोर नव्हता. पोर भिडस्त आहे.

४ ऑगस्ट, शनिवार. अमरावती

खात्याने शेषरावाचा पंप चौकशीपुरता सील केला. तक्रार इतक्या लवकर फळाला आली हे लोकशाहीचे बळ.

आणि आज सकाळी तो स्वतःच दारात उभा. खांद्यावर उपरणे, हातात पत्र्याचा बुधला. बसा म्हटले तरी बसला नाही.

"वकीलसाहेब, मी भांडाले नाई आलो. बाजारातले पोट्टे मले इचारून राह्यले, शेषरावजी, मासे काय भाव? माह्या दुकानात कोनी रॉकेलचा थेंब घेऊन नाई राह्यलं. परवाना गेला तं मी दुसरं काय करू? माह्या बापानं हेच केलं, मलेही हेच येते."

"कायदा आपले काम करील," मी म्हणालो.

"करंन न. तुमच्या मुद्देमालात हे बी ठेवा." त्याने बुधला उंबऱ्यात ठेवला. "माह्या हिरीचं पानी हाय. आवारात दुसरं पानी नाई. भेसळ केली असंन तं ह्याचीच केली असंन. लाख लावा त्यालेही."

तो गेला. मला हा नाटकीपणा वाटला. पण अनसूयेने प्यायच्या पाण्याचा बुधला समजून तो चुलीकडे नेला, आणि चहाचा पहिला घोट घेताच आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मिठाचा खडा विरघळवावा तसा चहा. धामणखेड खारपाणपट्ट्यात, हे मला काय कोणी सांगायला हवे? मी मूर्तिजापुरात वाढलो. तिथे आमच्या घरी प्यायचे पाणी वेगळे आणि वापरायचे वेगळे, एकाला गोडे म्हणत, एकाला खारे.

गोडे आणि खारे. हे शब्द आज दिवसभर डोक्यातून जात नाहीत.

८ ऑगस्ट, बुधवार. सावळीघाट

बाटलीची मोहोर माझ्याच हाताने फोडली. सत्याला मी कधी भ्यालेलो नाही, त्याच्या भेटीला जायला मी कधी कोणाची परवानगी घेत नाही.

आधी सरळ चाखून पाहिले. ती चूक होती. तेल आणि पेट्रोलने जीभ अशी पोळली की खारे-गोडे राहिले बाजूला, दिवसभर जेवणाला डेपोचा वास आला. मग अंगणात बशीत पाणी ओतून वरचे पेट्रोल उडू दिले, तेलाचा तवंग टिपकागदाने टिपला. आणि खुशालरावाच्या आईला, गोदाबाईंना तवा मागितला.

"काहून रे बाप्पा, माह्या तव्यावर? मंग भाकर कोन खाईन?"

"नवा तवा आणून देतो, गोदाबाई."

"नवा काय करू? ह्या तव्यावर माह्या सासूच्या भाकरी झाल्या." पण दिला. आणि स्वतः वाकून सगळ्यांच्या आधी पाहत बसल्या.

तव्यावर तीन जागी थेंब टाकले. शेषरावाच्या विहिरीचे पाणी आटले तिथे पांढरे कडे उरले, बोट लावले तर मीठ. पूर्णेचे पाणी आटले तिथे तांबूस गाळाचा ठिपका. आणि सिलिंडरातले पाणी आटले तिथेही तसाच तांबूस ठिपका, वर तेलाची किंचित काळी रेघ. पांढरे काही नाही.

"हे तं नदीचं हाय," गोदाबाई म्हणाल्या. "गोडं."

मी उलटतपासणी सुरू केली, स्वतःचीच. पावसाचे पाणी असेल? मग तव्यावर गाळ उरला नसता. शेषरावाने भेसळीसाठी नदीचे पाणी नेले असेल? खुशालराव हसला, "तीन मैलावरून पानी वाहून पेट्रोलमदी टाकाचं, साहेब? त्याहून पेट्रोल सस्तं पडंन."

म्हणजे पाणी पेट्रोलबरोबर आलेच नाही. ते नदीतून आले. मोटर जे पाणी थंडाव्यासाठी खालून ओढते, त्यातलेच सिलिंडरात झिरपते आहे. कुठून आणि का, हे शोधायचे.

शेषराव निर्दोष आहे. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले. आता खोडणार नाही.

१२ ऑगस्ट, रविवार. अकोला

खुशालरावाला बरोबर घेऊन मोटर एस.टी.च्या टपावर टाकून अकोल्याला आणली. इथे कापसाच्या एका जिनात बुधाजी नावाचा फिटर आहे. माणूस गर्विष्ठ. मोटर न उघडता, नुसती दोरी ओढून त्याने निकाल दिला.

"रिंगा गेल्या. जिनातलं भलं मोठं इंजन माह्या आवाजाले भेते, हे तं पोट्टं हाय."

"पण मग पाणी कसे—"

"साहेब, तुमी कोर्टात बोला."

उघडले. पिस्टनभोवतीच्या रिंगा शाबूत. मग म्हणाला, कार्बोरेटर. तोही ठीक निघाला. पुराव्याआधी माणसाने इतके ठाम बोलू नये, असे मला वाटून गेले. मग मीच तव्याची हकीकत सांगितली आणि म्हणालो, "पाणी नदीचे आहे. नदीचे पाणी या यंत्रात कुठून कुठे फिरते ते मला दाखवा, आणि त्या वाटेवर सिलिंडर कुठे शेजारी लागते ते दाखवा." मग त्याने सिलिंडरांवरचे झाकण, हेड म्हणतात ते, खोलले.

खाली फट बुजवायचे पातळ गॅस्केट होते. पाण्याची वाट आणि खालचे सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर ते जळून काळे पडले होते, कागद मेणबत्तीवर धरावा तसे. बुधाजीने हेड आरशाच्या काचेवर पालथे ठेवले. एका कडेखालून विडीचे पान सरकले.

"हेड वाकलं," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजातली मिजास गेली होती, फक्त आवड राहिली होती. "इथून पानी शिरून राह्यलं. पेट्रोलचा काई दोष नाई. हे तापलं हाय, साहेब. इतकं तापलं का इचारू नोका. पान्याबिगर चालवलं कोनीतरी."

"अशक्य," मी म्हणालो. "ही मोटर नदीशिवाय कुठेच चाललेली नाही."

खुशालराव उगाचच खोकला.

मी त्याच्याकडे वळलो. उथळ पाण्यात नेऊन गाळाने खालची जाळी बुजवलीस का, विचारले. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "असंन साहेब. फसली असंन कधी."

फार वाईट वाटले. इतका विश्वास टाकला होता. बुधाजी हेड काचेवर पॉलिशपेपर लावून घासून सपाट करतो म्हणाला, आणि तांब्याच्या पत्र्याचे गॅस्केट कापून देतो. निदान यंत्र वाचले. खुशालरावाबद्दल मंडळीच्या बैठकीत बोलावे लागेल. व्यक्तीपेक्षा तत्त्व मोठे.

१३ ऑगस्ट, सोमवार. अमरावती

बैठकीसाठीचे मुद्दे काढत बसलो होतो. शीर्षक लिहिले: बेफिकिरीची किंमत. अनसूया गवार निवडत होती. तिला सगळे वाचून दाखवले, मला तशी सवय आहे. पाण्याशिवाय चाललेले यंत्र, वाकलेले हेड, जळलेले गॅस्केट.

ती म्हणाली, "मग राजापेठेत तिला पाणी कोणी पाजलं होतं?"

"कोणाला?"

"मोटरीला. स्टेजवर. तुम्ही बोलत होता तेव्हा."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"तो पोरगा दोनदा तुमच्या कानाशी आला होता. मी पहिल्या रांगेत होते. मला वाटलं, पाणी हवं का विचारतोय तुम्हाला."

गवारीची शेंग मोडल्याचा आवाज मला एवढा मोठा कधी ऐकू आला नव्हता. नव्या युगाचा वास! तो माझ्याच हेडचा वास होता.

मुद्द्यांचा कागद फाडला. खुशालरावाला पत्र लिहायला बसलो, पण त्याला पत्र लिहिणे भ्याडपणाचे. उद्या पहिल्या गाडीने जातो.

१४ ऑगस्ट, मंगळवार. सावळीघाट

खुशालरावाला विचारले, तू सांगितले का नाहीस? अकोल्यात तरी?

"बुधाजीसमोर कसं सांगू, साहेब? तुमी आमचे अध्यक्ष." मग हळूच म्हणाला, "न् सभेत मी सांगतलं होतं. तुमी हात झटकला."

मी त्याची माफी मागितली. त्याला कुठे पाहावे कळेना, तो बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. गोदाबाई आतून म्हणाल्या, "मोठ्या मानसानं असं म्हनू नाई, पोट्टं भेऊन जाते." आणि लगेच, "पन बरं केलं."

१६ ऑगस्ट, गुरुवार. अमरावती

पुरवठा खात्यात जाऊन तक्रार मागे घेतली. नुसती मागे घेतली नाही, दोष माझ्या वापराचा होता असे सहीनिशी लिहून दिले. अधिकारी म्हणाले इतके लिहायची गरज नव्हती. मी म्हणालो, गरज तुम्ही ठरवू नका. सील निघेल.

मग धामणखेडला गेलो. शेषराव रिकाम्या दुकानात एकटा बसला होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले: तवा, हेड, राजापेठ. तो ऐकत होता. चेहऱ्यावर ना राग ना आनंद.

"पुढच्या बाजारात त्याच गाडीवर उभा राहतो," मी म्हणालो. "त्याच जागी, त्याहून मोठ्याने. भाषणाचा आराखडा तयार आहे. लोकांना कळले पाहिजे की—"

"नोको."

"का?"

"काहून म्हंजे? तुमी बोलले का लोकाइले वाटते अजून काईतरी हाय. मंग ते घरी जाऊन सांगतीन, वकीलसाहेब पुन्हा शेषरावावर बोलले. काय बोलले ते कोनाच्या ध्यानात राहते? मासेच राहतीन." तो उठला, बाकावरची धूळ त्याने उपरण्याने झटकली. "तुमी बजारच्या दिवशी इथं येऊन बसा. दिवसभर. बोलाचं नाई."

"काहीच?"

"कोनी इचारलं तं हव नाई तं नाई. एवढंच. जमंन का तुमाले?"

माझ्या आयुष्यात मला इतक्या कमी शब्दांत इतके मोठे आव्हान कोणी दिले नाही. जमेल म्हणालो. त्याने शंकेने पाहिले, त्याचा मला राग आला नाही.

२३ ऑगस्ट, गुरुवार. धामणखेड

सकाळी अनसूयेने निघताना विचारले, डबा नेता का? मी म्हणालो, तोंड बंद ठेवायला उपयोगी पडेल. ती हसली. मला तिचे हसणे बरे वाटले.

बाजार भरायच्या आत बाकावर जाऊन बसलो. खिशात भाषण होते. सवयीने. शेषरावाने चहा मागवला, तो खारट नव्हता. त्याने पाणी नदीवरून आणवले होते.

पहिले तासभर लोक लांबून पाहून जात होते. काही जण थांबून वाट पाहत उभे राहिले, एक जण तर गाडी ओढून माझ्यासमोर आणून ठेवायला निघाला, उभे राहायला सोपे जावे म्हणून. मी मान हलवली. मग एक बाई रिकामी बाटली घेऊन आल्या. बराच वेळ माझ्याकडे, बराच वेळ रॉकेलच्या पिंपाकडे त्यांनी पाहिले.

"वकीलसाहेब, ह्याच्यात पानी हाय का?"

माझ्या ओठांवर काय काय आले! विज्ञान आले, खारपाणपट्टा आला, न्याय आला, माझी चूक आली आणि तिच्यामागून तिची भव्य कबुली आली. शेषराव माप हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

त्या पुढच्या वाक्यासाठी थांबल्या. पुढचे वाक्य आले नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग बाटली पुढे केली. "मंग दे बाप्पा भरून."

त्यांच्यामागे दुसरी आली. मग रांग लागली. दुपारपर्यंत मी किती वेळा "नाही" म्हणालो मला आठवत नाही. एकदा एका पोराने लांबून "मासे!" म्हणून हाक मारली. मी उठलो होतो. शेषरावाने नुसता हात वर केला, मी बसलो. रांगेतल्याच एका म्हाताऱ्याने पोराला झापले, माझ्यापेक्षा थोडक्यात आणि माझ्यापेक्षा परिणामकारक.

खुशालराव मोटरीच्या पेट्रोलचा डबा घेऊन आला. बुधाजीने दिलेले नवे गॅस्केट बसवून नाव कालपासून चालते आहे, पलीकडची शाळेची पोरे वेळेवर येतात. शेषरावाने पेट्रोल ओतले, खुशालरावाने डबा उजेडाकडे धरून तळाला पाणी आहे का पाहिले, सवयीने. पाहिल्यावर दोघेही ओशाळले आणि मग दोघेही हसले.

उन्हे कलली तशी पांगापांग सुरू झाली. मिरच्यांचे पोते उचलता उचलता एक शेतकरी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आज सायबाचा घसा बसला वाटते."

शेषरावाने पिंपाचे झाकण लावले. "घसा नाई बसला," तो म्हणाला. "सायेब बसले."

सगळा बाजार हसला. मी समोर असताना लोक माझ्या शब्दाशिवाय इतके हसल्याचे मला आठवत नाही. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा थोडा उशिरा.